नव्वद षटकांचं पांघरूण

क्रोशाच्या विणकामात ‘मुका खांब’ नावाचा एक टाका असतो. ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन मग ती घरात घातली की उंच टाका तयार होतो, तो खांब. वेढा न घेता घातली की टाका बुटका राहतो, तो मुका खांब. नुसत्या मुक्या खांबांची ओळ सपाट दिसते. तिच्यात जाळी नाही, नक्षी नाही, पाहुण्यांनी हात लावून "अगं बाई, काय सुरेख!" म्हणावं असं काहीच नाही. पण पांघरूण उबदार व्हायला हवं असेल तर त्याच्याशिवाय भागत नाही, कारण जाळीतून वारा येतो.

क्रिकेटमध्येही असाच एक चेंडू असतो. बोलरने टाकला, बॅट्समनने तटवला नाहीतर सोडून दिला. धाव नाही, विकेट नाही. स्कोअर लिहिणारा वहीत एक टिंब काढतो आणि पुढच्या चेंडूची वाट बघतो.

तर गेले तीन महिने मी ही टिंबं मुक्या खांबांत विणत होते. बाबांसाठी.

निमित्त होतं त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस, म्हणजे साधारण ८० वर्षं आणि १० महिने. हा हिशेब गुरुजींच्या आधी बाबांनीच तोंडी करून सांगितला होता. जन्मभर बँकेत आकडेमोड केलेला माणूस, त्यांना पंचांग कशाला लागतंय! अशा कार्यक्रमात शाल-श्रीफळ देतात. आमच्या घरी इतक्या शाली जमल्या आहेत की एका सत्कारातली दुसऱ्या सत्काराला जाते. म्हटलं, शाल नको, आपण काहीतरी विणून देऊ.

अमेरिकेत क्रोशाच्या मोठ्या पांघरुणाला ‘अफगाण’ म्हणतात. तिथल्या बायका आपल्या घरातल्या बेसबॉलवेड्या, फुटबॉलवेड्या मंडळींसाठी त्यांच्या संघाच्या रंगांत अशी पांघरुणं विणतात. कोणी मधोमध संघाचं बोधचिन्ह काढतं, कोणी खेळाडूचा नंबर. आणखी एक प्रकार मला फार आवडतो. वर्षभर रोज एक ओळ विणायची आणि त्या दिवशीच्या तापमानाप्रमाणे लोकरीचा रंग घ्यायचा. वर्ष संपलं की सगळं हवामान अंगावर घ्यायला तयार! मनात आलं, दिवसाच्या जागी षटक का नको? एक षटक, एक पट्टी.

पण रंगांनी आमचं काम होणार नव्हतं.

तीन वर्षांपासून बाबांची नजर मधोमध पुसत चालली आहे. मॅक्युलर डिजनरेशन. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, कडेचा शाबूत राहतो. त्यामुळे ते घरात धडपडत नाहीत, दाराची चौकट त्यांना बरोबर सापडते. पण दारात कोण उभं आहे ते आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. वाचन बंद झालं. टीव्हीवरचं क्रिकेट बंद झालं. आणि स्कोअरच्या वह्या बंद झाल्या, ते सगळ्यांत वाईट.

या वह्यांबद्दल सांगायला हवं. बाबांची पहिली वही १९७१ च्या इंग्लंड दौऱ्याची, वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर कसोटी जिंकली त्या वेळची. तेव्हापासून मिळेल तेवढं क्रिकेट रेडिओवर ऐकायचं आणि चौकटींच्या वहीत चेंडू अन् चेंडू लिहायचा. धाव नसेल तर टिंब, धावा असतील तर आकडा, चौकार मात्र बँकेतल्या लाल पेनाने. पुढे घरी टीव्ही आला, पण वही सुटली नाही. अशा ४१ वह्या. त्या मागच्या बाजूने उघडल्या की आई निघते! आमच्या घरात कागद वाया घालवायची पद्धत नाही. पुढून बाबांचा स्कोअर, मागून आईचे क्रोशाचे नमुने. तोरणातला मोर, टीव्हीच्या कव्हरवरचे हंस, माझ्या रुखवतात मांडलेल्या रुमालांवरची वेल. भरलेली चौकट म्हणजे खांब, रिकामी म्हणजे जाळी. काही वह्यांत दोघांची पानं मध्यावर येऊन भिडली आहेत.

डोळे गेल्यावर आम्ही बाबांना कॉमेंटरी लावून दिली. दोन दिवस ऐकली आणि बंद करायला सांगितली. "ऐकू येतं गं," ते म्हणाले, "पण लिहिता येत नाही. लिहिलं नाही तर मॅच झाली असं वाटतच नाही." मग एक दिवस म्हणाले की त्या वह्या रद्दीत देऊन टाक, आता कोण वाचणार आहे. मी म्हटलं, मी घेऊन जाते. त्यांनी काही विचारलं नाही. मी सगळ्या वह्या गाडीत घालून पुण्याला आणल्या. सांगली सोडल्यापासून घरी पोचेपर्यंत डिकीत काहीतरी जिवंत ठेवलंय असं वाटत होतं.

आता कोणती मॅच विणायची? ते ठरवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. कोलकात्याची कसोटी, मार्च २००१.

ज्यांचा त्या वेळी जन्म झाला नव्हता त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्टीव्ह वॉचा ऑस्ट्रेलियन संघ लागोपाठ १६ कसोटी जिंकून ईडन गार्डन्सवर उतरला होता. त्यातली शेवटची आपल्याविरुद्धच, मुंबईत, तीन दिवसांत संपलेली. कोलकात्यात त्यांनी ४४५ केल्या, आपण १७१ वर गडगडलो. २७४ धावांनी मागे, फॉलोऑन. तिसरा दिवस संपला तेव्हा दुसऱ्या डावात ४ बाद २५४. लक्ष्मण १०९, द्रविड ७. म्हणजे डावाचा पराभव टाळायलासुद्धा अजून २० धावा हव्या होत्या.

चौथा दिवस १४ मार्च, बुधवार. बाबांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि त्यांनी त्या दिवशी रजा टाकली. आईला पटेना. "हरायच्या मॅचला कोणी रजा घेतं का?" बाबा पट्टीने वहीत रेघा मारत होते. म्हणाले, "शेवट तरी नीट लिहून ठेवतो."

त्या दिवशी शेवट झालाच नाही. दोघं सकाळी खेळायला आले आणि संध्याकाळी तसेच परत गेले. नव्वद षटकं, ३३५ धावा, एकही विकेट नाही. लक्ष्मणच्या १६६, द्रविडच्या १४८, उरलेल्या २१ अवांतर. दिवसअखेर ४ बाद ५८९, लक्ष्मण २७५, द्रविड १५५. दुसऱ्या दिवशी लक्ष्मण २८१ वर बाद झाला. तोवर पाचव्या विकेटसाठी ३७६ धावांची भागी झाली होती. डाव ७ बाद ६५७ वर घोषित केला, ऑस्ट्रेलियाला २१२ मध्ये गुंडाळलं आणि आपण १७१ धावांनी जिंकलो. फॉलोऑननंतर कसोटी जिंकल्याची उदाहरणं तोपर्यंतच्या सगळ्या इतिहासात दोनच होती, १८९४ आणि १९८१ ची.

दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "पाचवा दिवस विण ना. हरभजनच्या सहा विकेट, विजय, सगळं त्यात आहे. चौथ्या दिवशी काय झालं? काहीच नाही!" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय त्याच्या मते हल्ली फोटो छापलेलं ब्लँकेट ऑनलाइन मागवलं की दोन दिवसांत घरी येतं. तेही खोटं नव्हतं. पण बाबांनी रजा पाचव्या दिवशी टाकली नव्हती. जिंकलेली मॅच कोणीही लिहून ठेवील. हरणार हे धरून चालून जो दिवस त्यांनी लिहायला घेतला, तो मला हवा होता.

आणि तो बोटांनी वाचता यायला हवा होता. यापुढचं थोडं विणकामाचं आहे, पुरुष वाचकांनी कंटाळू नये, यात गणितच जास्त आहे.

एका षटकाचे सहा चेंडू, म्हणजे आडवे सहा भाग. प्रत्येक चेंडूला २२ टाके, एकूण १३२. दोन चेंडूंच्या मध्ये वरून उभी साखळी काढायची, म्हणजे बोटाला कुंपण लागेल. निर्धाव चेंडू असेल तर २२ मुके खांब, बास. धाव असेल तर भागाच्या मध्यावर बोर. बोर हा आईचा शब्द. एकाच घरात चार अर्धवट खांब घालायचे, शेवटी सगळे एकत्र ओढून बांधायचे, की पलीकडच्या बाजूला टप्पोरा उंचवटा येतो. एक धाव एक बोर, दोन धावा दोन बोरं, तीनला तीन. चौकाराला चार बोरं दिली असती तर तीन की चार हे चाचपत बसावं लागलं असतं, म्हणून सात खांबांचं एकच मोठं बोर, आणि तेवढंच लाल लोकरीचं. बाबांच्या लाल पेनाचा मान! बाकी सगळं साईच्या रंगाचं, जुन्या फ्लॅनेलच्या पँटीसारखं.

बोर विणताना पलीकडे उमटतं, म्हणून ती ओळ उलट्या बाजूनेच विणावी लागते. म्हणजे एका षटकाला दोन ओळी, सुलट्या बाजूची साधी आणि उलट्या बाजूची बोरांची. यात एक फायदा आपोआप झाला. उलट्या बाजूने विणलेली ओळ सुलटीकडून पाहिली की डावीकडून उजवीकडे जाते, वहीसारखी. पांघरुणाची सुरुवातीची कड पोटाशी घेतली की पहिलं षटक पोटाजवळ, नव्वदावं गुडघ्यांच्या पलीकडे. सकाळ पोटाशी, संध्याकाळ पायाशी.

राहिला नोबॉल. त्या षटकात चेंडू सात होतात आणि आपली पट्टी सहाच भागांची. त्यावर दोन दिवस डोकं खाजवलं. मग त्या षटकाच्या उजव्या कडेला साखळीचं एक छोटं कडं लोंबतं ठेवलं. बाबाही वहीत नोबॉलला गोल काढायचे.

नव्वद षटकांच्या १८० ओळी, प्रत्येकीत १३२ टाके, एकूण २३,७६०. पाच नंबरची सुई, किलोभर ॲक्रिलिक लोकर. ॲक्रिलिक अशासाठी की बाबा त्यावर चहा सांडणार आणि आई ते मशीनमध्ये टाकणार. लांबी सव्वा मीटर, रुंदी मीटरभर. पहिली सहा षटकं झाल्यावर सांगलीला जाऊन आईच्या मांडीवर टाकली आणि डोळे मिटायला लावले. बाबा आत झोपले होते. तिने बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "टिंब, टिंब, एक, टिंब, चार, टिंब." मी बघतच राहिले. "तुला कसं कळतं?" तर म्हणे, "पन्नास वर्षं कानावर पडतंय. मला काय फक्त हंसच येतात?"

मी रोज एक षटक विणायचं ठरवलं. दिवसाला एक षटक म्हणजे कुठल्याही पंचाने दंड ठोठावला असता, पण नोकरी, स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास सांभाळून तोच वेग जमत होता. रात्री जेवणं झाली की वही उघडायची, कालच्या षटकावर पेन्सिलने खूण करायची, आजचं वाचायचं, विणायचं.

सुरुवातीला मी चौकारांची वाट बघायचे, हे कबूल करायला हरकत नाही. लाल लोकर हातात घ्यायला बरं वाटायचं. पण षटकामागून षटकं जायला लागली तसं लक्षात यायला लागलं की हे पांघरूण मुख्यतः टिंबांचं आहे. ज्या दिवसाबद्दल आपण आयुष्यभर ‘काय धुतलं होतं!’ म्हणून बोलत आलो, त्या दिवशीसुद्धा निम्म्याहून जास्त चेंडूंवर काहीही झालं नव्हतं. काही षटकं तर संपूर्ण निर्धाव. त्या रात्री १३२ टाक्यांच्या दोन सपाट ओळी घालून झोपायचं, दिवसभरात काही केलं असं वाटायचंच नाही. आणि वहीत बघावं तर बाबांची ती सहा टिंबं चौकारांइतकीच नीट, एका रेषेत, प्रत्येक आपापल्या चौकटीच्या मध्यावर.

माझ्या आठवणीत तो दिवस लक्ष्मणचे वॉर्नला मारलेले फटके एवढाच होता. टीव्हीनेही पुढे तेवढंच दाखवलं. डोळ्यांना चौकार आधी दिसतात, मधलं आपण गाळतो. बोटांना ती सोय नाही. सपाट भाग ओलांडल्याशिवाय त्यांना बोरापर्यंत जाताच येत नाही. बाबांना हे पांघरूण वाचायचं असेल तर त्यांना प्रत्येक टिंबावरून जावं लागणार होतं. पहिल्यांदा हे मनात आलं तेव्हा वाटलं, कंटाळतील का? मग वाटलं, ते कधीच गाळत नव्हते, गाळत आपण होतो.

साठाव्या षटकाच्या आसपास माझं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पंधरा दिवस सुई धरायची नाही म्हणून बजावलं. कार्यक्रम तोंडावर आलेला. शेवटी आई आली पुण्याला, ‘नातवाला बघायला’ असं सांगून. नाइट वॉचमन म्हणून तिने दहा षटकं काढली. मी वही वाचायची, तिने विणायचं. माझा हात सैल, तिचा घट्ट. तिच्या दहा षटकांत पांघरूण दोन्ही बाजूंनी किंचित आत गेलं. मी म्हटलं, "आई, जरा सैल सोड ना." ती म्हणाली, "पंचाहत्तरीत हात बदलतो होय कुणाचा?" विणता विणता तिने एकदाच विचारलं, "ह्यांना हे कळेल ना गं?" मी हो म्हटलं. खरं तर मलाच माहीत नव्हतं. भीती अशी होती की त्यांनी बोट फिरवावं आणि त्यांना फक्त जे गेलं तेच आठवावं. ज्याने वह्या रद्दीत द्यायला सांगितल्या त्या माणसाला आपण त्याच वहीत पांघरून बसवतोय, ही माया की छळ? नव्वदावं षटक घालेपर्यंत हा प्रश्न काही सुटला नाही.

कार्यक्रम झाला. ओवाळणं झालं, जेवणावळ झाली, शाली आल्या. पांघरूण मी गर्दीत दिलं नाही. संध्याकाळी सगळे पांगल्यावर बाबा आरामखुर्चीत बसले तेव्हा मांडीवर टाकलं. सुरुवातीची कड पोटाशी.

त्यांनी तळवा फिरवला. "छान आहे. गरम आहे." मग बोटं थांबली. एका बोरावर गेली, कुंपणावर गेली, पुढच्या सपाट भागावर गेली. मला वाटलं आता विचारतील. विचारलं नाही. डावीकडे परत आले आणि पहिल्या ओळीवर एकच बोट ठेवून सरकवायला लागले. ओठ हलत होते. दुसरी ओळ. तिसरी. चौथ्या की पाचव्या षटकाला म्हणाले, "एक आला. स्ट्राइक बदलला." मग आणखी थोड्या वेळाने, "ही माझी वही आहे."

"हो."

"चौदा मार्च."

मी त्यांना ते सांगितलं नव्हतं. आईनेही नाही. पण बोट वर सरकत जावं आणि विकेटची खूण कुठेच लागू नये असा दिवस त्यांच्या ४१ वह्यांत एकच असावा.

त्या संध्याकाळी ते साडेतीन तास वाचत होते. मध्ये दूध प्यायले, सांडलं नाही. कोण स्ट्राइकवर आहे हे ते धावांच्या सम-विषमावरून धरत होते आणि स्वतःशीच नावं घेत होते. मध्येच म्हणाले, "यात बोलर नाहीत." मी म्हटलं, बोलर विणता आले नाहीत. तर म्हणाले, "राहू देत, ते पाठ आहेत," आणि बोटांवर मोजायला लागले. मॅग्रा, गिलेस्पी, कॅस्प्रोविच, वॉर्न, मार्क वॉ, पाँटिंग, हेडन, स्लेटर, लँगर. नऊ. त्या डावात ऑस्ट्रेलियाने खरोखरच नऊ जणांना बोलिंग दिली होती. उरले दोघंच, विकेटकीपर गिलख्रिस्ट आणि खुद्द कॅप्टन.

साठ षटकं ओलांडून बोट पुढे गेलं आणि एका ओळीवर थांबलं. मागे आलं, परत पुढे गेलं. अंगठा आणि तर्जनीत धरून त्यांनी ती वीण चोळली. मी श्वास रोखून बसले होते.

"हा हात तुझा नाही," ते म्हणाले. "हा हिचा आहे."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला ऐकू गेलं, मला ते दिसलं. बाबांना दिसण्यासारखं नव्हतं. पंचावन्न वर्षांच्या संसारात आईच्या विणकामाबद्दल बाबा काही बोलल्याचं मला आठवत नाही. तोरण लागलं की ते खालून वाकून जायचे, एवढंच. तो हात त्यांनी कधी ओळखून ठेवला होता कोण जाणे. आई एवढंच म्हणाली, "घट्ट झालंय थोडं." बाबा म्हणाले, "असू दे. टिकतं." आणि पुढच्या षटकाकडे वळले.

त्यानंतर पांघरूण खुर्चीवरच असतं. दुपारी ते कुठलंतरी षटक काढून बसतात. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट पुढेच घडली, आणि तिच्यात माझा काही हात नाही.

पुढची कसोटी आली तेव्हा बाबांनी आईकडे मसाल्याचा जुना डबा मागितला. स्टीलचा गोल, आत कडेने सहा वाट्या आणि मधोमध एक. त्याच्यासोबत मूठभर चिंचोके. माझा मुलगा सुट्टीला तिथेच होता, त्याने फोनवर कॉमेंटरी लावून दिली. बाबा डबा पांघरुणावर घेऊन बसतात. एक चेंडू, एक वाटी. जितक्या धावा तितके चिंचोके. मधली वाटी नोबॉलची. षटक संपलं की बोटाने एकेक वाटी चाचपून सांगतात आणि नातू वहीत लिहितो. बेचाळिसावी वही. चौकार लाल पेनाने लिहायचा हे त्याला सांगावं लागलं नाही, त्याने जुन्या वह्या बघितल्या होत्या.

पहिल्या दिवशी नातू घाई करत होता. "आजोबा, या वाटीत काहीच नाही, पुढे चला ना." बाबांनी त्याचा हात धरला आणि त्या रिकाम्या वाटीच्या तळाला लावला.

"काही नाही कसं? टिंब आहे. लिही."